आज आवतण घ्या

पहिला थेंब मनगटावर पडला तेव्हा बुद्धप्रियाला वाटलं, बसचं छत गळतंय. पण बाहेर तर ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं... दुसरा थेंब मांडीवरच्या फायलीवर पडला. तिसरा नेमका शिवम्माच्या नावावर.

"अहो! काय गळतंय तुमचं?"

"माझं न्हाई, पेटीचं." वरून आवाज आला. आवाजात ओशाळेपणा होता, आणि थोडं हसूही. "बर्फ हाय. जनावरांची लस हाय आतमध्ये. खाली ठेवली तर लोक लाथा मारून राहिले, म्हणून—"

"म्हणून माझ्या डोक्यावर धरली?"

"वकीलबाईचं डोकं जरा थंड ऱ्हाईल म्हणलं."

तिनं मान वर केली. उंच माणूस, उन्हानं रापलेला चेहरा, खिशाला दोन पेन, आणि छातीशी ती निळी पेटी, तान्हं लेकरू धरावं तशी. डावी भुवई मधोमध चिरणारा एक पांढरा व्रण. तो हसला की व्रणही हसायचा.

"मी वकील आहे हे कुणी सांगितलं?"

"पिशवीतून काळा कोट डोकावून राहिला की. आणि येवढ्या गर्दीत येवढ्या रागानं दुसरं कोण वाचतं?"

नांदेडहून कंधारला जाणारी बस. सोनखेडला शेजारची जागा रिकामी झाली आणि तो पेटीसकट बसला. पेटी पायांत घट्ट धरली, आणि हात पुढं केला.

"आणा हिकडं ते कागद."

"अजिबात नाही."

"बाई, वल्लं वासरू पुसून कोरडं करतो मी. कागदाला काय भिता?"

हसू दाबत तिनं फाईल उघडली. तो एकेक पान दोन कोपऱ्यांना धरायचा, खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यावर हलवायचा, मांडीवर पालथं ठेवायचा. इतक्या हळुवारपणे, की तिच्या ऑफिसात पंधरा वर्षांत कुणी कागदाला असा हात लावला नव्हता.

मग एका पानाशी त्याचा हात थांबला.

"वाचू नका. अशिलाचे कागद आहेत."

"न्हाई... वाचत न्हाई." त्यानं ते पान वाऱ्यावर धरलंच नाही. तसंच, ओलंच, खाली ठेवलं. नजर बाहेरच्या कापसाकडं वळवली. मग विचारलं, "ही बाई... सुटंल का?"

"सुटेल. तिनं चोरी केलेलीच नाही."

"तुमाला कसं ठाऊक?"

"तिचं आठ महिन्यांचं लेकरू मी मांडीवर घेऊन बसले आहे, डॉक्टर. ती खोटं बोलत असती तर मला कळलं असतं."

"मी डॉक्टर न्हाई. पशुधन पर्यवेक्षक. पण गुरांना त्यातला फरक कळत न्हाई, म्हणून चालून जातं."

लोहा आलं तशी तिनं डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आईनं बळंच घातलेला कांदा. सवयीनं तिनं डबा पुढं केला आणि सवयीनंच क्षणभर थांबली. आमच्याकडं बसमध्ये शेजारचा माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव. आडनाव कळलं की हात डब्याकडं जायचा का खिडकीकडं, ते ठरतं.

यानं काहीच विचारलं नाही. अर्धी भाकरी मोडून घेतली, चटणीत बुडवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली.

"नाव तरी सांगा. चटणीवाल्या बाईचं म्हणून आठवणीत ठेवू का?"

"प्रिया. तुमचं?"

"पंढरी म्हणतेत मला."

तिनंही आडनाव विचारलं नाही. दोघांनी न विचारलेला तो प्रश्न तिला फार आवडला. कंधारच्या स्टँडवर उतरताना तर हातातला कोटही हलका वाटत होता...

त्या न विचारण्याची किंमत तिला पुढं मोजावी लागणार होती.

*

बुद्धप्रिया नरवाडे हे नाव नांदेड, लातूरच्या कोर्टांत दबक्या आवाजात घेतलं जायचं. उलटतपासणीला ती उभी राहिली की साक्षीदार आधी पाणी मागतो, असं बाररूममध्ये म्हणत. वय अडतीस. एक सोयरीक जमली होती पूर्वी. मुलाकडच्यांनी अट घातली, खून-चोऱ्यांच्या केसेस सोडा, घरी बसून करारनामे करा. तिनं सोयरीक सोडली.

वडील, केरबा, हदगावच्या कोर्टात शिपाई होते. पुकारा करायचे. दारात उभं राहून पक्षकाराच्या नावानं तीन हाका. लहानपणी तिनं विचारलं होतं, तीनच का? तर म्हणाले, "पोरी, पहिली हाक कानाला, दुसरी मनाला, तिसरी पायाला. तिसरीला बी जो येत न्हाई, त्याला यायचंच नसतं." वडील गेले. त्यांचा आवाज मात्र प्रत्येक कोर्टाच्या दारात तिला अजून ऐकू यायचा.

आणि आता मोबाईलवर एक नवाच पुकारा सुरू झाला होता. सकाळी सात वाजता वासराचा फोटो. खाली, 'आत्ताच झाली. नाव सुचवा.'

ती लिहायची, 'सदर वासराच्या आईची लेखी संमती जोडावी.'

'आई हंबरली. संमतीच समजा.'

दुपारच्या सुट्टीत फोन. "काय करून राहिल्या?" एवढंच. ती सांगायची, आज एकाला कसा पकडला, दुसरा कसा निसटला. तो तिच्या कामाविषयी खूप विचारायचा. फक्त शिवम्माच्या केसचा विषय निघाला की गप्प व्हायचा... तिला वाटायचं, हळवा आहे.

केस साधी होती, आणि म्हणूनच अवघड. शिवम्मा देगलूरच्या पलीकडून, कर्नाटकाच्या सीमेवरून आलेली चोवीस वर्षांची पोर. कंधारला किशनरावांच्या मोठ्या घरी स्वयंपाकाला होती. घरातला सोन्याचा हार गेला, बोट तिच्याकडं. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला ठाण्यात नेलं, आणि कागदावर आलं की दुपारी चार ते पाच या वेळात दोन पंचांसमक्ष तिच्या घरातल्या ज्वारीच्या डब्यातून हार निघाला. दोघांतला एक पंच वारला होता. दुसरा सरकारी नोकर. त्याच्या एका 'हो'वर सगळी केस उभी होती. आत्ता ती जामिनावर होती. शिक्षा झाली तर लेकरू आईबरोबर तुरुंगात जाणार, नाहीतर आईवाचून बाहेर राहणार.

"अक्का," शिवम्मा तिला म्हणायची, "माझ्या घरी कुणी आलंच न्हाई गं. तो हार मी पयल्यांदा बघितला तो ठाण्यातल्या टेबलावर."

*

डिसेंबरात बुद्धप्रियाची लातूरला सेशन केस होती. पंढरीचं प्रशिक्षण नेमकं त्याच दिवशी लातूरला निघालं.

"योगायोग बघा," तो म्हणाला.

"योगायोगाचा पुरावा काय?"

"साहेबाकडं चार दिवस मागं लागून नाव घालून घेतलंय. हा कबुलीजबाब."

तो कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसला. तिनं त्या दिवशी एका साक्षीदाराला वीस मिनिटांत उघडा पाडला. आवाज न चढवता, एकेक प्रश्न सुईसारखा टोचत. शेवटी तो माणूस पिंजऱ्याचा कठडा धरून नुसता थरथरत होता. तिनं सहज मागं पाहिलं. पंढरीही तसाच कठडा धरून बसला होता, समोरच्या बाकाचा.

गंजगोलाईच्या बाजारात चहा घेताना तो कप नुसताच फिरवत होता.

"काय झालं? घाबरलात?"

"तो माणूस... खोटारडा होता का भ्यालेला?"

"पिंजऱ्यात दोन्ही सारखेच दिसतात."

"तुमाला बी?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"माझ्यावर कवा केस झाली तर घ्याल का?" त्यानं कपातच बघत विचारलं.

"घेईन की. मी फक्त घरच्या माणसाची केस घेत नाही. एकदा मावसभावाची घेतली होती. ऐन वेळी हात थरथरला, हरले. तेव्हापासून नियम केला."

"मग माझी घेता येईल."

"हो... तुमची घेता येईल." म्हणाली, आणि ते वाक्य तिचं तिलाच आवडलं नाही.

मग तिनं, कधीपासून विचारायचं होतं ते विचारलं. "भुवईला काय झालं होतं?"

त्यानं व्रणावरून बोट फिरवलं. एकदा तिच्याकडं पाहिलं. फार सरळ पाहिलं.

"मागच्या वर्षी, खांदमळणीला. पोळ्याच्या आदल्या दिवशी. रजा टाकून गावाकडं गेलतो, जळकोटला. दरसाली बैलांचे खांदे मीच मळतो, हळद अन् तूप लावून. मळायचं अन् म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमचा पाखऱ्या लई मानी. बरोबर दुपारी चारची वेळ. मी 'आज आवतण घ्या' म्हणलो, अन् त्यानं मान झटकली. शिंग हिथं. चार टाके. जळकोटच्या दवाखान्यात पाचपर्यंत उताणा पडून होतो."

"आवतण आवडलं नाही त्याला."

"न्हाई, आवतण अर्धंच ऐकलं. 'उद्या जेवायला या' म्हणायच्या आधीच भडकला." तो हसला. पण व्रण हसला नाही. "दुपारी चार वाजता. ध्यानात ठेवा, प्रिया."

पहिल्यांदाच त्यानं तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. ती नावाशीच थांबली... वेळेपर्यंत पोचलीच नाही.

*

जानेवारीत कंधारच्या कोर्टात पंचाची साक्ष निघाली. शिवम्मा भिंतीला टेकून बसली होती, तिची लेक लच्छी मांडीवर. आता ती वर्षाची होत आली होती. बुद्धप्रियानं वाकून गाल ओढला तर पोरीनं तिच्या गळ्यातली पांढरी पट्टीच मुठीत धरली.

"सोड गं बाई, आज हिचं काम आहे."

शिपायानं दारात जाऊन पुकारा केला.

"आदिनाथ ग्यानोबा केंद्रे हाजिर हाय का—"

कागदावरचं हे नाव तिला पाठ होतं. धंदा नोकरी, राहणार कंधार. ती प्रश्नांच्या कागदावर खूण करत होती. दुसरी हाक झाली. तिसरी झाली. पावलं वाजली. तिनं वर पाहिलं.

डावी भुवई, मधोमध पांढरा व्रण.

पंढरी घरातलं नाव. शाळेतलं, नोकरीतलं, पंचनाम्यावरचं नाव आदिनाथ... आणि मग एकदम बसमधलं ते ओलं पान. वाऱ्यावर न धरता खाली ठेवलेलं. त्यानं स्वतःची सही पाहिली होती. तेव्हापासून त्याला ठाऊक होतं. वासरांच्या प्रत्येक फोटोच्या वेळी, चहाच्या प्रत्येक घोटाच्या वेळी.

तिच्या बोटांना गारवा चढला, बर्फाचं पाणी पडावं तसा.

सरकारी वकिलांनी सरतपासणी सुरू केली. पंचनाम्यावरची सही दाखवली.

"ही सही तुमची?"

"हो."

"पंचनामा तुमच्यासमोर झाला?"

तो तिच्याकडं बघत नव्हता. कुणाकडंच नाही. सरकारी पंच उलटला तर खात्याची चौकशी लागते, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. घरी पगार त्याचा एकट्याचा आहे, हे फक्त तिला.

"पंचनाम्यातला मजकूर बरोबर आहे का, केंद्रे?"

"...हो. बरोबर आहे."

लच्छी मोठ्यानं रडायला लागली. न्यायाधीशसाहेबांनी घड्याळ पाहिलं. उलटतपासणी जेवणाच्या सुट्टीनंतर.

*

लिंबाखाली तो तिच्या वाटेत आला. चेहरा राखेसारखा.

"प्रिया, मला—"

"एक शब्द नाही." तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही, हे जास्त वाईट होतं. "तुमची साक्ष चालू आहे. मी समोरची वकील आहे."

"येकच सांगतो—"

"पिंजऱ्यात सांगा."

ती बाररूमच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. डबा उघडला नाही. माझी उलटतपासणी मऊ व्हावी म्हणून होतं का हे सगळं? अर्ध्या भाकरीपासून? आणि लगेच दुसरा विचार, त्याहून कडवट. दुपारी चार. जळकोट. चार टाके. त्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्टच त्याला मोडायला पुरे होती. मोडायचं? की केस दुसऱ्या वकिलाला देऊन बाजूला व्हायचं, म्हणजे शिवम्माला आणखी सहा महिने, आणि त्या वकिलाला ही खांदमळणी ठाऊकच नसणार...

फोन वाजला. आई.

"जेवलीस का गं?"

"हो."

"खोटं. तुझ्या बापाला बी येत न्हवतं खोटं बोलाया." आईचा, महामायाचा, आवाज खाली आला. "काय झालं?"

"आई, एखाद्या माणसाला तीनदा हाक मारायची, ती त्याच्यासाठी का आपल्यासाठी?"

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आपल्यासाठी, बाई. मागून वाटू नये, बोलावलं न्हाई म्हणून."

*

अडीच वाजता कोर्ट भरलं. बुद्धप्रिया उभी राहिली. पण साक्षीदाराकडं वळली नाही.

"साहेब, उलटतपासणीआधी एक गोष्ट कोर्टापुढं ठेवायची आहे. या साक्षीदाराची आणि माझी तीन महिन्यांपासून वैयक्तिक ओळख आहे. मला त्यांचं घरातलं नावच माहीत होतं. ते या केसमधले पंच आहेत हे मला आज सकाळी पुकाऱ्याला कळलं. कृपया नोंद घ्यावी."

कोर्टात कुजबुज फिरली. मागं कुणीतरी खोकलं, कुणीतरी फिसकन हसलं. पंधरा वर्षं सांभाळलेलं नाव तिनं एका वाक्यात टेबलावर ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते नांदेडच्या बाररूमपर्यंत पोचणार होतं, तिखटमीठ लावून.

साहेबांनी चष्मा काढला. "वैयक्तिक म्हणजे?"

"म्हणजे... डब्यातली भाकरी वाटून खाल्ली आहे, साहेब. त्यांच्या साक्षीबद्दल एक अक्षरही बोललेलो नाही."

"सरकार पक्षाची हरकत?"

सरकारी वकील मिशीत हसले. "काही हरकत नाही. ओळखीचा फायदा झाला तर आम्हालाच होईल."

पिंजऱ्यात पंढरीनं प्रथमच मान वर केली होती. तिच्याकडं पाहत होता, जणू तिनं भर रस्त्यात स्वतःचा कोट उतरवून त्याच्या अंगावर घातला होता.

ती वळली. आता फक्त वकील.

"पंचनाम्याची तारीख?"

"येक सप्टेंबर."

"वेळ?"

"दुपारी चार ते पाच."

"त्या वेळी तुम्ही स्वतः शिवम्माच्या घरी हजर होता?"

ही पहिली हाक.

"...होतो."

"दुसऱ्या दिवशी कोणता सण होता?"

"पोळा."

"म्हणजे पंचनाम्याचा दिवस खांदमळणीचा. तुमच्या घरी बैल आहेत?"

"हायेत."

"त्यांचे खांदे कोण मळतं?"

त्यानं पिंजऱ्याचा कठडा धरला. "मीच."

"तर मग खांदमळणीच्या दिवशी, दुपारी चार वाजता, तुम्ही बैलांपाशी नव्हतात, कंधारला शिवम्माच्या घरी ज्वारीच्या डब्यापाशी होता. असंच म्हणायचंय तुम्हाला?"

दुसरी.

त्यानं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. "पंचनाम्यात... तसं लिहिलेलं हाय."

"पंचनाम्यात काय लिहिलंय ते मला वाचता येतं."

मागं शिवम्मानं पदर तोंडात धरला होता. बुद्धप्रियाच्या हातात दवाखान्याचा कागद नव्हता, रजेचा अर्ज नव्हता, काही नव्हतं. तो म्हणाला असता, गाडीवरून पडलो, तर तिच्यापाशी पुढचा प्रश्न नव्हता. होती ती फक्त गंजगोलाईतली एक दुपार. ती तिनं उचलली आणि भर कोर्टात ठेवली.

"तुमच्या डाव्या भुवईवरचा व्रण कशाचा आहे?"

"हरकत आहे, साहेब! याचा केसशी काय संबंध?"

साहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. "संबंध आहे की नाही ते उत्तरावरून कळेल. साक्षीदार, उत्तर द्या."

पहिली कानाला. दुसरी मनाला... तिनं फाईल इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली. हात थरथरत होता. घरच्या माणसाच्या केसमध्ये थरथरतो तसा. ते तिला कळलं, आणि कळूनही ती तशीच उभी राहिली.

"बैलाचं शिंग लागलंय." त्याचा आवाज आधी जमिनीवरून आल्यासारखा, मग हळूहळू वर येत गेला. "आमचा पाखऱ्या. येक सप्टेंबरला, खांदमळणीला, दुपारी चारला. मी जळकोटला होतो, साहेब. दवाखान्यात चार टाके पडले, तिथं नोंद असंल. शिवम्माबाईचं घर मी आजपस्तोर बघितलं न्हाई. पोळा झाल्यावर कामावर आलो तवा जमादार कागद घेऊन आले. मनले, फक्त कागदाचं काम हाय, समदेच करतेत. मी लसीच्या पेटीवर कागद ठेवून सही केली. वाचला बी न्हाई."

"मग सकाळी 'मजकूर बरोबर' का म्हणालात?" हे साहेबांनी विचारलं.

"भ्यालो, साहेब." आणि तिच्याकडं न बघता, पण तिलाच, "खोटारडा न्हाई. भ्यालेला होतो."

सरकारी वकील उठून साक्षीदार फितूर जाहीर करा म्हणत होते, साहेब मजकूर सांगत होते, टायपिंगचा आवाज सुरू होता. बुद्धप्रिया म्हणाली, "आणखी प्रश्न नाहीत." आणि खाली बसली.

तो पिंजऱ्यातून उतरला. शिवम्मासमोरून जाताना थांबला, हात जोडले. लच्छीनं त्याच्या खिशातला एक पेन ओढून घेतला. त्यानं तो परत मागितला नाही.

*

निकाल लागेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. त्यानं फोन केला नाही, वासराचा फोटोही नाही. सकाळचे सात रोज वाजत राहिले, रिकामे.

फेब्रुवारीच्या शेवटी शिवम्मा सुटली. "अक्का, हिच्या बारशाला तू न्हवतीस. आता जावळाला ये," म्हणाली आणि ढसाढसा रडली. बाररूममध्ये दोन दिवस भाकरीवरून विनोद झाले. तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरा विषय मिळाला.

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी अकराला, नांदेडच्या तिच्या घराचं फाटक वाजलं. पुढची खोली म्हणजे तिचं ऑफिस. तो दारातच उभा. पेटी नव्हती, हातात एक लांबट लिफाफा.

"या." एवढंच तिला म्हणता आलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "निलंबन झालंय. खात्याची चौकशी लागली. चांगला वकील पाहिजेल, म्हणून..." त्यानं लिफाफा पुढं सरकवला. "नोटीस तीनदा वाचली मी. आता न वाचता कशालाच हात लावत न्हाई."

तिनं लिफाफ्याला हात लावला नाही.

"बसमध्ये तुम्ही सही पाहिली होती."

"हाव. अन् फायलीवर तुमचं पूर्ण नाव बी वाचलं होतं. त्याच्यानंतर भाकरी मोडली."

म्हणजे आडनाव कळूनही. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही? तीन महिने?"

"सांगितलं की. लातूरला. बैलाच्या तोंडून सांगितलं, माझ्या तोंडात हिंमत न्हवती. दिवस दिला, वेळ दिली, ध्यानात ठेवा म्हणलो. वाटलं, येवढी हुशार वकील, आज रातीलाच पकडंल मला. सुटंन येकदाचा."

"मी ऐकत नव्हते."

"कामून?"

"तुम्ही 'प्रिया' म्हणालात. त्याच्यापुढचं काही ऐकलं नाही मी."

व्रण हसला. आधी व्रण, मग तो.

"तर मग... केस घेताय ना?"

"नाही."

हसू विझलं. त्यानं हळूच लिफाफा जवळ ओढला, चारही कोपरे जुळवले. "बरोबर हाय. मी खोटं बोललो तुमच्यासमोर. हक्क न्हाई माझा."

"त्यासाठी नाही." ती खिडकीकडं बघत होती. खिडकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं. "माझा नियम तुम्हाला माहीत आहे. मी कुणाची केस घेत नाही ते."

तो उठलेला, तसाच थांबला. मग खुर्चीची पाठ चाचपडत धरली.

"...घरच्या माणसाची."

"चांगला वकील देते. माझ्यापेक्षा शांत आहे. फी मी बोलेन त्याच्याशी." ती भराभर बोलत होती, साक्षीदार घाबरला की बोलतो तशी. "चौकशी दीड वर्ष चालेल. नोकरी जाईल किंवा राहील. तुमच्या घरचे माझं आडनाव विचारतील, माझ्याकडचे तुमचं. सोपं काही नाही यातलं. आणि मी रागीट आहे, सकाळी सातला वासरांना नावं—"

"प्रिया."

ती थांबली.

"काय?"

"काय न्हाई. कानाला हाक मारून बघितली."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. टेबलाला वळसा घालून ती त्याच्यासमोर आली. हात वर केला, आणि बोटानं त्याच्या भुवईवरून, व्रणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळद लावावी तसं फिरवलं. तो मुळीच हलला नाही. पाखऱ्यापेक्षा शहाणा होता.

"आज आवतण घ्या..." ती पुटपुटली.

"उद्या—" तो म्हणायला गेला.

"उद्या कामून?" आतल्या दारातून महामायाचा आवाज आला. कधीपासून उभी होती कोण जाणे. हातात उलथणं होतं. "वांग्याचं भरीत झालंय, भाकरी तव्यावर हाय. उद्याचं काय घेऊन बसलात? हात धुवा दोघं बी."

लिफाफा टेबलावरच राहिला. हात धुवायला त्याला मोरी दाखवताना तिच्या लक्षात आलं, ती पुढं चालत नव्हती, तो मागं येत नव्हता. दोघं बरोबरीनंच चालले होते.